मागे २२५, पुढे २०५: माझ्या डॅटसन २४०झेडचे टायर आणि ते बसवणारं सॅन होजेतलं दुकान

आधी निकाल सांगते. गाडी १९७२ ची डॅटसन २४०झेड. रिम पंधरा इंची, सात इंच रुंद, शून्य ऑफसेट (म्हणजे चाक गाडीला टेकतं ती जागा रिमच्या रुंदीच्या बरोबर मधे). मागे २२५/६० आर १५, पुढे २०५/६० आर १५, चारही टायर बीएफगुडरिच रेडियल टी/ए. बसतात, घासत नाहीत, मडगार्डची कड ठोकावी लागत नाही, आणि गाडी मागून जशी दिसायला हवी होती तशी आता दिसते. पण हे सगळं मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि धड बंप स्टॉप (चाक फार वर चढू नये म्हणून असलेला रबरी अडसर) असलेल्या गाडीबद्दल. स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली गाडी असेल तर हे माप डोळे झाकून घेऊ नका. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

टायर चांगले आहेतच, पण पाच तारे मी देतेय ते दुकानाला. सॅन होजेच्या पूर्व भागात एका व्हिएतनामी काकांचं हे दुकान आहे. नाव लिहू नका, आहे तेच काम उरकत नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून लिहीत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलात तर पत्ता नक्की देईन.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये ती १९६९ च्या अखेरीस फेअरलेडी झेड म्हणून आली, अमेरिकेत १९७० पासून २४०झेड म्हणून विकली गेली, आणि तेव्हा तिची किंमत ३,५२६ डॉलर होती. २,३९३ सीसीचं एका ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन, १५१ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या जरा वर, आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या पैशांत दुसरीकडे हे मिळत नव्हतं. निस्सानचं अमेरिकेतलं काम पाहणाऱ्या युताका कातायामांनी या गाडीसाठी किती जोर लावला हे झेडवाल्यांना वेगळं सांगायला नको. १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली याच गाडीने जिंकली. आणि एवढ्या गाडीला कारखान्यातून टायर होते १७५ रुंदीचे, चौदा इंची, साडेचार इंच रुंद पत्र्याच्या रिमवर! पुढून बघाल तर लांब नाक, देखणी चाल. मागून बघाल तर चाकं मडगार्डच्या आत दडून बसलेली. आमच्या एका मैत्रिणीचा मुलगा पहिल्यांदा गाडी बघायला आला तेव्हा मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हिचे टायर कुणी पळवले का?" वयाने लहान आहे, पण नजर अचूक.

माझ्या आधीच्या मालकाने कधीतरी पॅनास्पोर्टच्या पंधरा इंची रिम घेतल्या होत्या आणि चारही चाकांना १९५/६० आर १५ चढवले होते. रिम सुंदर आहेत, त्या ठेवल्या. टायर मात्र म्हातारे झाले होते. टायरच्या बाजूला डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून वाळून गेलेलं असतं. माझ्या टायरना बोटाने दाबलं की कडेला केसासारख्या भेगा उघडत होत्या. बदलायचे होतेच, तर मग माप कोणतं, एवढाच प्रश्न होता.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळी गंमत त्यातच आहे. २२५/६० आर १५ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, त्याची भिंत रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १३५ मिलिमीटर उंच. वरची आणि खालची भिंत मिळून २७०, मधे पंधरा इंची रिम म्हणजे ३८१. एकूण उंची ६५१ मिलिमीटर. हाच हिशोब आधीच्या १९५/६० ला लावला की ६१५ येतात. आणि कारखान्यातले १७५ चे टायर जुन्या पद्धतीच्या उंच भिंतीचे असल्यामुळे साधारण ६३५ भरायचे. म्हणजे माझी गाडी इतकी वर्षं मूळ उंचीपेक्षा दोन सेंटिमीटर बुटक्या टायरवर फिरत होती. रुंदी वाढवली म्हणून मागच्या मालकाला बरं वाटलं असेल, पण उंची गेली, आणि उंची गेल्याचे परिणाम गाडी रोज दाखवत होती.

कसे, ते सांगते. हिला चारच गिअर आहेत. चौथा थेट (एकास एक), आणि डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी संचाचं, प्रमाण ३.३६४. पाचवा गिअर नाही, त्यामुळे फ्रीवेवर इंजिन किती फिरणार हे शेवटी टायरची उंचीच ठरवते. ६१५ च्या टायरवर ताशी ७० मैलांना इंजिन साधारण ३,२७० फेऱ्या करतं, ६५१ वर ३,०९०. आकडा लहान वाटेल. इंटरस्टेट २८० वरून सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने जाताना मात्र तो कानाला कळतो. आधी कारमध्ये शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागायचा. आता गाडी तशी गुणगुणतच असते, पण बोलणं होतं.

म्हणून मागच्या टायरचा विचार करताना मी सगळ्यांना हेच सांगते की आधी उंची बघा. रुंदीवर सगळे भाळतात, पण या गाडीला उंचीची भूक जास्त आहे. मडगार्डच्या कमानीत वर जो मोठा रिकामा अर्धगोल दिसतो तो रुंद टायरने भरत नाही, उंच टायरने भरतो. बाजारात २२५/५० आर १५ भरपूर दिसतील, बरेचसे शर्यतीच्या ट्रॅकसाठी केलेले. ते रुंद आहेत, चिकटून बसतात, पण उंची फक्त ६०६. रस्त्यावर चालवायच्या चार गिअरच्या २४०झेडला ते घालणं मला मुळीच पटत नाही.

आता अडचण. हिच्या मागच्या प्रत्येक चाकाला एक उभा स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी) आहे, वर जाताना किंचित आत झुकलेला. त्या स्ट्रटच्या नळीवर पत्र्याची एक गोल ताटली वेल्ड केलेली असते आणि तिच्यावर स्प्रिंग बसते. टायरची उंची वाढत गेली की त्याचा आतला खांदा नेमका या ताटलीच्या कडेपाशी पोचतो. टायर बुटका असेल तर तो ताटलीच्या खालीच राहतो आणि रुंदी बिनधास्त वाढवता येते. उंच असेल तर रुंदीचा एकेक मिलिमीटर मोजून घ्यावा लागतो. बाहेरच्या बाजूला मडगार्डची आत वळलेली कड. या दोघींच्या मधे जेवढी जागा, तेवढाच तुमचा टायर. खुद्द निस्सानने जपानमध्ये शर्यतीच्या नियमांत बसण्यासाठी २४०झेडजी काढली तेव्हा तिला वरून रिव्हेट मारलेली मडगार्ड लावली, कारण मूळ पत्र्यात रुंद चाकाला जागाच नव्हती.

अजून एक बारकावा. बाजूवर २२५ लिहिलं म्हणजे गाडीवर २२५ च भरतील असं नाही. हे माप साडेसहा इंची रिमवर घेतलेलं असतं. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण पाच मिलिमीटरने फुगतो. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर सारखे भरत नाहीत. म्हणून कुणी दुसऱ्या कंपनीच्या टायरचा अनुभव सांगून "बसतो गं, घे" म्हटलं तर मी ऐकून घेते आणि तरी मोजते. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं. त्यांचा व्हर्नियर मी इथे आणलाय, तो या कामात माझ्या हातातून खाली राहिलाच नाही.

पहिल्यांदा मी एका मोठ्या साखळी दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर १९७२ टाकलं, काही आलं नाही. मूळ मापाशिवाय दुसरं बसवायचं नाही असा त्यांचा नियम, आणि मूळ माप तर त्यांच्याकडे मिळतच नाही. दोन्ही वाक्यं त्याने एका दमात सांगितली. मुलाची काही चूक नाही, पण जुन्या गाडीवाल्यांनी अशा ठिकाणी वेळ घालवू नये.

काकांचं दुकान अगदी वेगळं. बाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक थर्मास, आत दोनच गाड्या मावतील एवढी जागा. गाडी दारात थांबली तेव्हा ते एका ट्रकच्या टायरला पॅच मारत होते. ते काम पुरं केलं, हात धुतले, आणि मग सावकाश गाडीभोवती एक फेरी मारली. पहिला प्रश्न कुठला टायर हवा हा नव्हता. "मागचे स्ट्रट कधी उघडले होते?" हा होता. नंतर मागचं चाक काढलं, स्ट्रटच्या दांड्यावरचा रबरी बंप स्टॉप बोटाने चाचपला, आणि त्याचा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, आधी हे बदला. हे नसेल तर खड्ड्यात चाक कुठवर चढेल ते मला सांगता येणार नाही. मग मी मोजलेलं सगळं खोटं." टायर विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, हे या देशात मी तरी फार पाहिलेलं नाही. बंप स्टॉप बदलून घेतले, स्प्रिंगांची उंचीही तपासून घेतली, आणि मगच परत गेले.

पुढचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं, कारण त्यांनी उभं राहू दिलं. त्यांच्याकडे कोपऱ्यात जुन्या वापरलेल्या टायरची रास आहे, ती याच कामासाठी ठेवलेली. त्यातून याच कंपनीचा, याच मापाचा एक घासलेला २२५/६० काढला आणि माझ्या रिमवर चढवून मागे डावीकडे बसवला. सुरुवात डावीकडूनच का, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्र्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि डाव्या बाजूची जागा त्यांना नजरेनेच कमी वाटली. व्हर्नियर मी पुढे केला. त्यांनी तो घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि मान डोलावली. टायरचा खांदा आणि स्प्रिंगची ताटली यांच्यात डावीकडे सहा मिलिमीटर, उजवीकडे सात. नजर बरोबर होती.

सहा मिलिमीटर पुरेत का, हे मीही विचारलं. त्यांचं उत्तर मला फार आवडलं. ही ताटली चाकाबरोबरच वर-खाली होते, त्यामुळे गाडी खड्ड्यात जाओ की गतिरोधकावर चढो, ही फट बदलत नाही. बदलते ती फक्त जोरात वळताना, टायर बाजूला वाकतो तेवढी. बाहेरच्या कडेचं उलट आहे. तिथे उभ्या गाडीत कितीही जागा दिसली तरी चाक वर चढलं की काय होईल ते तेव्हाच कळतं. म्हणजे दोन बाजूंच्या दोन वेगळ्या चाचण्या. झेडबद्दल इतकं वाचूनही मला हे असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी कपाटातून मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती काढली. हिरव्या मातीची एक पट्टी करून ताटलीच्या कडेला चिकटवली, दुसरी मडगार्डच्या कडेच्या आतल्या बाजूला, तिसरी कमानीत पुढच्या अंगाला. मागच्या दाराखाली वाळूच्या पिशव्या भरल्या, स्वतः शेजारच्या सीटवर बसले आणि मला सांगितलं, फुटपाथच्या उतारावरून गाडी तिरकी चढवा, हळू. एकदा डावं चाक वर, एकदा उजवं. नंतर मागच्या रिकाम्या आवारात मी मोठे गोल घेतले, टायर कण्हेपर्यंत. परत आल्यावर चाक काढून बॅटरी घेऊन आम्ही दोघं कमानीत डोकावलो. ताटलीवरच्या मातीवर टायरच्या भिंतीचा गुळगुळीत ठसा उठला होता. सगळ्यात पातळ जागी माती चार मिलिमीटर उरली होती. म्हणजे वळणात टायर फक्त दोनच मिलिमीटर आत वाकला. कडेवरच्या मातीवर काकांच्या अंगठ्याची रेघ होती तशीच होती, टायर तिथवर पोचलाच नव्हता. हे पाहिल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण कड ठोकून वळवायला मी तयारच नव्हते. या गाडीची मागची कड बाहेरच्या आणि आतल्या पत्र्याच्या जोडाची आहे. ती वळवली की रंग तडकतो, पत्र्यांच्या मधे पाणी जातं, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

पाच मिलिमीटरचा स्पेसर (चाकामागे घालायची चकती) टाकून आतली फट वाढवायची का, हे मी विचारलं होतं. नाही म्हणाले. मूळ बोल्ट तेवढे लांब नाहीत, नट पुरेसे आटे धरणार नाहीत, आणि आत मिळवलेली जागा बाहेर जाईल. विषय संपला.

नवे टायर आल्यावर त्यांनी चारही टायरच्या तारखा मला आधी वाचायला लावल्या. बसवताना रिमच्या कडेला साबणाची पेस्ट सढळ हाताने लावली आणि हवा चाळीस पीएसआयच्या वर कधीच नेली नाही. कड बसली नाही की हवा सोडायची, फिरवायचं, पुन्हा पेस्ट, पुन्हा हवा. घाई नाही. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची मागितली, रिमच्या ओठावर ठोकायची नकोत म्हटलं, तर ती आतल्या बाजूला लावून चाक हाताने फिरवून पुढच्या कॅलिपरला लागत नाहीत ना हे दाखवलं. नट गनने नाही, हाताने आणि टॉर्क रेंचने आवळले, आणि पन्नास-एक मैल फिरून पुन्हा आवळायला या म्हणाले. गेले, तेव्हा दोन नट थोडेसे फिरले. मिश्रधातूच्या रिमला हे होतंच, पण बोलावून घेऊन करणारे किती जण असतात?

आता चालवण्याबद्दल. सगळ्यात आधी लक्षात आला तो मऊपणा. भिंत ११७ ची १३५ मिलिमीटर झाली, त्यामुळे फ्रीवेच्या सिमेंटच्या सांध्यांवर मागून जे धपके बसायचे ते बोथट झाले. गाडीचा मागचा भाग आधीपेक्षा १८ मिलिमीटर उंच आहे, पुढचा ६. नाक किंचित खाली, पाठ किंचित वर, ही चाल या गाडीला शोभते असं माझं मत आहे. पण त्याने हेडलाइटही खाली बघायला लागतात. हे कुणी सांगत नाही. अंधारात रस्ता तोकडा वाटला की टायरला दोष देऊ नका, दिवे भिंतीसमोर उभे करून परत लावून घ्या.

स्पीडोमीटर आधी गाडी जितकी पळते त्यापेक्षा जास्त दाखवायचा. आता काट्यावर ६० असताना फोनवर ६१-६२ दिसतात. म्हणजे काटा कमी सांगतो. पोलिसांच्या दृष्टीने ही बाजू वाईट आहे, ध्यानात ठेवा. गिअरबॉक्समधलं स्पीडोमीटरचं छोटं दातेरी चाक बदलून दुरुस्त करता येतं. एवढ्या फरकासाठी मी ते केलेलं नाही.

पहिल्या गिअरची ओढ कमी झाली, हे खरं आहे. टायर आधीच्यापेक्षा सहा टक्के उंच, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवर पोचणारा जोर तेवढाच कमी. चढावर सिग्नलला थांबून निघताना क्लच जरा जास्त वेळ पायाखाली राहतो. इंजिन तंदुरुस्त असेल तर सवय होते. ज्यांचे कार्ब्युरेटर नीट लागलेले नाहीत त्यांनी आधी ते लावून घ्यावेत, टायर नंतर.

वळणांवर काय? साराटोगाहून हायवे ९ ने वर साराटोगा गॅपपर्यंत जाताना जी घट्ट वळणं आहेत तिथे फरक स्पष्ट कळला. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त वाढली, त्यामुळे वेगात आत शिरलं की नाक बाहेर जायला बघतं. पूर्वी याच वळणात मागचं अंग हलकेच सुटायचं आणि पायाने ते सावरता यायचं. तो खेळ कमी झाला. मला तो खेळ आवडायचा, आणि चारही टायर सारखे ठेवणाऱ्यांचं म्हणणं इथे बरोबर आहे हे मान्य करते. हवेने बरंच सावरलं. सुरुवातीला चहूकडे २८ होती. काकांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या टायरवर खडूने आडवी जाड रेघ मारली आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवून पाहिलं. मधला खडू गेला, दोन्ही कडांचा तसाच. गाडी हलकी, टायर रुंद, मग एवढ्या हवेने तो मधेच फुगणार. मागे २६ वर आणल्यावर रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली. पुढे २९ ठेवली. आता नाक बरंच ऐकतं, आणि ओढीत वळणाबाहेर पडताना मागची पकड इतकी विश्वासाची आहे की दुसऱ्या गिअरमध्ये पाय लवकर दाबता येतो. स्कायलाइन रस्त्याला चढून तसंच पुढे वुडसाइडच्या चौकातल्या अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटपर्यंत गेलं की या टायरचं खरं सुख कळतं, कारण तो रस्ता लांब, मोकळ्या वळणांचा आहे.

पावसात जपून. हलक्या गाडीखाली रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे भौतिकशास्त्र आहे, कंपनी कुठलीही असो.

रेडियल टी/ए ची निवड का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मुख्य कारण म्हणजे पंधरा इंचीत २०५/६० आणि २२५/६० ही जोडी एकाच नक्षीत मिळते. पुढे-मागे वेगळ्या जातीचे टायर घालणं मला चालत नाही. झिजेचं मानांकन ४००, म्हणजे वर्षानुवर्षं टिकतील, वयाने बाद होतील पण नक्षीने नाही. वेगाची खूण एस, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. गाडीचा कमाल वेग त्याच्या वर आहे, तेव्हा ट्रॅकवर नेणाऱ्यांनी हे टायर घेऊ नयेत, त्यांच्यासाठी एच किंवा व्ही खूण असलेलं काहीतरी शोधावं. मी ट्रॅकवर जात नाही. पांढऱ्या उठावाची अक्षरं मी आतल्या बाजूला करून घेतली. ती अमेरिकन मसल गाड्यांना खुलतात, या जपानी बाईला काळी बाजूच शोभते. किंमत प्रत्येकी दोनशे डॉलरच्या आत पडली. काकांनी चाचणीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मीच आग्रहाने दिले.

दुकानाच्या उण्या बाजूही सांगते. वेळ ठरवून मिळत नाही, रांगेत बसावं लागतं. अलाइनमेंट ते करत नाहीत, त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल, आणि मागची उंची बदलल्यावर ती एकदा करून घेणं बरं. रोख पैसे पसंत करतात.

स्टेपनीचं काय करायचं हेही ठरवून ठेवा. डिकीतल्या खड्ड्यात २२५ मावत नाही. मी मूळची चौदा इंची पत्र्याची रिम आणि त्यावर १७५ चा टायर तसाच ठेवलाय. मागे लावावा लागला तर दोन चाकांच्या उंचीत अडीच टक्के फरक पडेल, साध्या डिफरन्शियलला जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जायला तो चालतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू न देणारं) बसवलेलं असेल तर चालवू नका, टो ट्रक बोलवा. पुढचं-मागचं टायर अदलाबदल करणंही आता बंद. माझे मागचे आधी झिजणार, ते दोनच बदलेन.

खाली बसवलेल्या गाड्यांबद्दल. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे, अरुंद स्प्रिंगचे स्ट्रट) बसवलेले असतील तर स्प्रिंगची जुनी रुंद ताटली जाते आणि आतली अडचण बरीच सुटते, पण गाडी खाली आल्यामुळे वरची कड जवळ येते, आणि तिथे २२५/६० घासण्याची शक्यता जास्त. अशांनी सोळा इंची रिमचा विचार करावा. २०५/५५ आर १६ ची उंची ६३२ भरते, म्हणजे कारखान्याच्या मापाला जवळजवळ लागूनच. टायरही आजच्या गाड्यांचे असल्यामुळे भरपूर मिळतात. मागे २२५/५० आर १६ घेतलात तर ६३१, उंची तीच, फक्त रुंदी वाढते, आणि स्पीडोमीटर जिथे होता तिथेच राहतो. मूळ स्प्रिंगा मऊ पडून मागून बसलेल्या असतील तर मात्र आधी स्प्रिंगा बदला, आठवडाभर गाडी फिरवून त्या बसू द्या, आणि त्यानंतर माती घेऊन कमानीत शिरा.